आलेखाच्या खिडकीमागची भाऊबंदकी

आलेख पडद्यावर दिसू लागला त्याच्या आधी तो कागदावर शाईने उमटत होता. अमेरिकेतल्या कॅलकॉम्प कंपनीने १९५९ साली ‘५६५’ हा प्लॉटर आणला. त्यात कागद ड्रमवर पुढेमागे फिरे आणि पेन आडवं सरके. फोरट्रानमध्ये लिहिणारा ‘प्लॉट’ नावाच्या सबरूटीनला तीन आकडे देई. पहिले दोन कुठे जायचं ते सांगत. तिसरा २ असला तर पेन टेकवून रेघ, ३ असला तर पेन उचलून नुसतीच हालचाल.

सत्तरच्या दशकात टेक्ट्रॉनिक्स ४०१०सारखी चित्र दाखवणारी टर्मिनल्स आली आणि पंचाईत झाली. प्लॉटरला कळणारी आज्ञा टर्मिनलला कळेना. यंत्र बदललं की प्रोग्रामची डागडुजी आली. मग आकृतीची आखणी एकीकडे आणि यंत्राशी बोलणं दुसरीकडे, अशी वाटणी होत गेली. १९८५मध्ये आयएसओने प्रमाण म्हणून स्वीकारलेली ‘जीकेएस’ ही आलेखन-प्रणाली याच वाटणीवर उभी होती. पुढच्याच वर्षी थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांच्या ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्राममध्ये ती ‘सेट टर्मिनल’ एवढ्या एका आज्ञेत मावली.

खिडक्यांनी हा हिशेब बिघडवला.

एमआयटीत १९८४ साली एक्स विंडो प्रणाली सुरू झाली. आता रेघ ओढली की काम संपलं, असं राहिलं नाही. खिडकी झाकली जाऊन पुन्हा उघडी पडली की चित्र परत रंगवायचं, माउसची क्लिक टिपायची, आणि त्यासाठी ‘इव्हेंट लूप’ सतत फिरता ठेवायचा. हे काम करून देणाऱ्या लायब्रऱ्या निघाल्या: बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी टीके घडवलं, नॉर्वेत क्यूटी तयार झालं, गिम्प या चित्रसंपादकाच्या पोटातून जीटीके निघालं. प्रत्येकाचा लूप वेगळा आणि प्रत्येकजण प्रोग्रामचा मालक आपणच, असं धरून चालणारा. एका म्यानात दोन तलवारी आल्या त्या इथेच.

शिकागोत मेंदूच्या विद्युत-लहरींचा अभ्यास करणाऱ्या जॉन हंटर यांनी २००३ साली पायथॉनसाठी मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी आणली. त्यांनी एकाच खिडकीवाल्याशी घरोबा केला नाही. चित्र प्रत्यक्ष उमटवणारा भाग, म्हणजे ‘बॅकएंड’, अदलाबदल करता येईल असा ठेवला. टीकेअ‍ॅग, क्यूटीअ‍ॅग ही जोडनावं त्यातूनच आली: चित्राचे ठिपके मोजणार मॅक्सिम शेमानारेव्ह यांची ‘अ‍ॅग’ ही सी++ लायब्ररी, खिडकी उघडणार टीके किंवा क्यूटी.

भांडणं मात्र सुटली नाहीत. पडदाच नसलेल्या सर्व्हरवर टीके ‘डिस्प्ले’ शोधत बसे आणि प्रोग्राम कोसळे. अशा वेळी नुसता अ‍ॅग निवडायचा आणि आकृती फाइलमध्ये साठवायची. ही निवड मॅटप्लॉटलिबचा ‘पायप्लॉट’ हा भाग आयात करण्याआधी केली नाही, तर जुन्या आवृत्त्यांत ती वायाच जाई. २०१८च्या ३.० आवृत्तीपासून बॅकएंड चालत्या वेळी एकामागून एक पडताळले जातात, आणि पडदा नसलेल्या लिनक्सवर खिडकीवाल्यांच्या वाटेला जायचंच टाळलं जातं. क्यूटीचा लूप आधीच फिरत असताना टीकेअ‍ॅग मागितला, तर ‘क्यूटी चालू आहे’ असं संदेश स्पष्ट सांगतो.

सर्वांत चिवट भांडण एकाच घराण्याच्या दोन प्रतींचं. वापरणाऱ्याला लायब्ररी शोधत हिंडावं लागू नये म्हणून लिनक्सवरची पायथॉन पॅकेजेस त्या आपल्याच पोटात घालून आणू लागली. २०१६च्या ‘मेनीलिनक्स’ प्रमाणाने त्याला शिस्त लावली. पण ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये एक क्यूटी, पायथॉनला क्यूटी जोडून देणाऱ्या पायक्यूटी५मध्ये दुसरं. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये आली, की एकाचं क्यूटी दुसऱ्याच्या फोल्डरमधला, एक्सवर खिडकी उघडून देणारा ‘एक्ससीबी’ प्लगइन उचलायला जातं आणि सगळं बंद पडतं. पुन्हा इन्स्टॉल करून पाहा, असं त्रुटीचा संदेश सुचवतो. तसं केल्याने त्याच दोन प्रती परत येतात.

खरा माग लागतो तो ‘क्यूटी_डीबग_प्लगइन्स’ हा पर्यावरण-चल १ करून. मग क्यूटी कुठल्या फोल्डरांत डोकावतंय ते एकेक ओळीने छापतं. त्यात ओपनसीव्हीचं ‘सीव्ही२’ हे फोल्डर दिसलं की दोषी सापडला. खिडकी उघडायला ओपनसीव्ही लागत नसेल, तर त्याची ‘हेडलेस’ आवृत्ती घ्यायची. तिच्यात क्यूटीच नसतं. मात्र साधी आणि हेडलेस अशा दोन्ही आवृत्त्या त्याच ‘सीव्ही२’ फोल्डरमध्ये बसतात, म्हणून आधी जुनी काढायची आणि मगच नवी घालायची.