थाळनेरची नात आणि गाण्याची मालकी

आजचा प्रश्न जुनाच आहे. कला कलावंत करतो, मग तिचा मालक कोण?

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी नाटक मंडळी उभी केली. 1913 मध्ये तिच्यातून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. 1918 मध्ये दीनानाथ मंगेशकरांनीही किर्लोस्कर सोडली, बळवंत संगीत मंडळी काढली. पाच वर्षांत दोन फुटी! पण बाहेर पडून मालक झालं की प्रश्न मिटतो का? नाही. टेंबे आणि बोडस पुढे गंधर्व मंडळीतूनही निघाले. म्हणजे माणूस बदलून भागत नाही, व्यवस्था तपासावी लागते.

आता आपल्या खान्देशाकडे या. तापीकाठचं थाळनेर, फारुकी राजांची पहिली राजधानी. दीनानाथांची सासुरवाडी ती. लताबाई थाळनेरच्या नात. त्यांनी वडिलांसारखी वेगळी मंडळी काढली नाही, आत राहून भांडल्या. 1949 च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! आवाज हिचा, नाव दुसऱ्याचं. पुढे त्यांनी रॉयल्टीत गायकाचा वाटा मागितला. रफीसाहेबांचं म्हणणं उलट होतं: मेहनताना घेतला, विषय संपला. या मतभेदात दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं थांबवलं. रफीसाहेबांचं म्हणणं प्रामाणिक होतं, हेही आम्ही नोंदवतो. पण मजुरी कामाच्या दिवसाची असते आणि गाणं त्या दिवसानंतरही कमावत राहतं. तो फरक लताबाईंनी ओळखला.

कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा पक्का केला, की तो त्यांना सोडूनही देता येत नाही. गायकांच्या हक्कालाही बळ मिळालं.

आता जळगाव-धुळ्याची पोरं पुण्या-मुंबईत व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत चित्रं काढायला जातात. रात्र-रात्र जागून पात्र घडवतात. गेम विकला जातो, पात्र कंपनीचं. गीतकाराला मिळालेलं ते संरक्षण चित्रकाराला नाही. भांडवल आणि जोखीम कंपनीची, हे खरंच. पण जोखमीचा मोबदला म्हणजे निर्मात्याचं नाव पुसायची मुभा नव्हे.

म्हणून पोरांनो, सही करण्याआधी करार वाचा, आणि नाव कुठे येणार ते विचारा. लताबाईंनी तेच विचारलं होतं.