बढतीचें भाकीत

दरवर्षीं ऑगस्ट महिना उजाडला कीं इंग्लंडांत एक निराळेंच पंचांग तयार होतें. फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर खेळणाऱ्या संघांपैकीं कोणते संघ येत्या मे महिन्यांत पहिल्या पायरीवर चढतील, याचें भाकीत वृत्तपत्रें छापतात, निवृत्त खेळाडू सांगतात आणि सामान्य नागरिक त्यावर हिरीरीनें वाद घालतात. नऊ महिन्यांनीं हें पंचांग पुन्हां उघडून खरें-खोटें ताडून पाहण्याची तसदी मात्र फारसें कोणी घेत नाहीं.

हा विषय आमच्या कांहीं वाचकांस क्षुल्लक वाटेल. चेंडू लाथाडण्याच्या खेळांत कोण वर गेला आणि कोण खालीं आला, याचें सुशिक्षित कुटुंबांस काय सोयरसुतक? परंतु या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ज्या व्यवस्थेंत वरचे आणि खालचे असे भेद आहेत, तींत खालच्यास वर जाण्याची वाट कोणी आंखली, त्या वाटेवरच्या दारांत पहारा कोणाचा, आणि अंगच्या गुणांखेरीज आणखी काय असलें म्हणजे तें दार उघडतें? फुटबॉलच्या लीगचा सव्वाशें वर्षांहून अधिक काळचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांनिशीं देतो, म्हणून तो पाहण्यासारखा आहे.

इंग्लंडांतील फुटबॉल लीग १८८८ सालीं बारा संघांनीं स्थापन केली. १८९२ सालीं तिला दुसरा वर्ग जोडण्यांत आला. आतां दुसऱ्या वर्गांत पहिला येणारा संघ आपोआप पहिल्या वर्गांत जाईल, असें कोणासही वाटेल. पण तसें नव्हतें. वरच्या वर्गांतील तळाच्या तीन संघांशीं खालच्या वर्गांतील पहिल्या तिघांनीं एकेक कसोटीचा सामना खेळावा आणि तो जिंकणारानें वरच्या वर्गावर हक्क सांगावा, असा नियम होता. पहिल्याच हंगामांत त्याचा विलक्षण परिणाम दिसला. स्मॉल हीथ हा बर्मिंगहॅमचा संघ दुसऱ्या वर्गांत पहिला आला. त्याची गांठ पडली पहिल्या वर्गांत शेवटच्या आलेल्या न्यूटन हीथशीं. पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसऱ्यांत स्मॉल हीथ ५-२ असा हरला आणि आहे तेथेंच राहिला. त्याच्या मागें असलेले शेफील्ड युनायटेड आणि डार्वेन हे दोन संघ मात्र वर चढले. वर्षभराच्या कष्टांची बाजू एका सामन्यानें उलटविली. हा न्यूटन हीथ म्हणजेच पुढें जगभर गाजलेला मँचेस्टर युनायटेड, हें येथें सांगून ठेवावयास हवें.

पुढच्याच हंगामांत लिव्हरपूलनें दुसऱ्या वर्गांतील अठ्ठावीस सामन्यांपैकीं एकही गमावला नाहीं. बावीस जिंकले, सहा बरोबरींत सोडविले. तरीही त्यास कसोटीचा सामना चुकला नाहीं. तो जिंकून लिव्हरपूल वर गेला खरा, पण १८९५ सालीं तळाशीं येऊन परत खालीं उतरला. खालच्या वर्गांतील अजिंक्यपद म्हणजे वरच्या वर्गांतील बळ नव्हे, हा धडा लीगला आरंभींच मिळाला होता.

कसोटीची ही पद्धत १८९८ सालीं आपल्याच हातांनीं मेली. त्या वर्षीं वरच्या वर्गांतील दोन आणि खालच्या वर्गांतील दोन अशा चार संघांत लहानशी साखळी खेळविण्यांत आली. शेवटच्या दिवशीं स्टोक आणि बर्नली यांचा सामना होता, आणि तो बरोबरींत सुटल्यास दोघांचेंही काम भागणार होतें. व्हावयाचें तेंच झालें. दोन्ही संघांनीं गोल करण्याची इच्छाच सोडल्यासारखा खेळ केला आणि सामना ०-० असा संपला. पैसे मोजून आलेले प्रेक्षक चिडले. लीगनें या कसोट्या गुंडाळल्या, वर्ग वाढवून चारही संघांस पहिल्या वर्गांत जागा दिली, आणि पुढील हंगामापासून पहिल्या दोघांस सरळ बढती देण्याचें ठरविलें.

या नव्या नियमानें १८९९ सालीं वर चढलेले पहिले दोन संघ म्हणजे मँचेस्टर सिटी आणि ग्लॉसॉप. ग्लॉसॉप हें डर्बीशायरमधील गिरण्यांचें लहानसें गांव. तेथील संघामागें सॅम्युएल हिल-वुड या गिरणीमालकाचा पैसा होता. गांवानें एक वर्ष मोठमोठ्या शहरांच्या पंक्तीस बसून घेतलें. त्या वर्षीं संघ शेवटचा आला आणि पहिल्या वर्गाचें दर्शन त्यास पुन्हां कधींही घडलें नाहीं. पैशाच्या शिडीनें वर जाण्याची युक्ति आजची नव्हे, हें यावरून दिसेल.

नियम सरळ झाला म्हणून भाकीतही सरळ झालें काय? १९१९ सालची हकीकत पाहावी. महायुद्धानंतर पहिला वर्ग वीसावरून बावीस संघांचा करण्यांत आला. त्यांतील एका जागेसाठीं संघांचें मतदान झालें. १९१४-१५ च्या हंगामांत पहिल्या वर्गांत अगदीं शेवटीं आलेला टॉटनहॅम आणि दुसऱ्या वर्गांत पहिल्या चारांतही नसलेला आर्सेनल, हे त्या जागेचे उमेदवार होते. आर्सेनलला अठरा मतें पडलीं, टॉटनहॅमला आठ. जो मैदानावर चढला नाहीं तो सभागृहांत चढला, आणि त्यानंतर तो आजवर कधींही खालीं उतरलेला नाहीं. खालीं ढकललेल्या टॉटनहॅमनें पुढच्याच वर्षीं दुसरा वर्ग जिंकून आपलें उत्तर मैदानावर दिलें. गुणतक्ता कितीही बारकाईनें वाचणाऱ्या ज्योतिष्यास हें मतदान त्यांत दिसलें नसतें.

सभागृह सोडून केवळ गणितावर विसंबावें, तर तेंही दगा देतें. साउदॅम्प्टनचा संघ १९४९ च्या वसंतांत दुसऱ्या वर्गांत आठ गुणांनीं आघाडीवर होता. विजयास त्या काळीं दोनच गुण मिळत आणि थोडेच सामने उरले होते. अशा स्थितींत बढतीची खात्री नाहीं असें म्हणणारास लोकांनीं वेड्यांत काढलें असतें. पण संघ घसरत घसरत तिसरा आला आणि तेथेंच राहिला. दुसऱ्या वर्षीं, १९५० सालीं, तर दैवानें थट्टाच केली. दुसऱ्या जागेवर शेफील्ड वेन्सडे, शेफील्ड युनायटेड आणि तोच साउदॅम्प्टन असे तीन संघ प्रत्येकीं बावन्न गुणांवर थांबले. केलेल्या गोलांस अंगावर झालेल्या गोलांनीं भागून सरासरी काढावयाची, असा तेव्हांचा नियम होता. वेन्सडेचे गोल ६७ व ४८, युनायटेडचे ६८ व ४९. भागाकारांतील फरक आठ सहस्रांश! तेवढ्यावर एकाच शहरांतील एक संघ वर गेला व दुसरा खालीं राहिला. १९७६ नंतर भागाकाराऐवजीं वजाबाकी आली. त्या नियमानें दोघांचाही फरक एकोणीस भरतो, आणि अधिक गोल केल्याबद्दल बढती युनायटेडला मिळाली असती. खेळ तोच, गोल तेच. पण मोजण्याची रीत बदलली कीं चढणारा बदलतो.

चढल्यानंतर काय होईल, हें सांगणें याहूनही कठीण. आल्फ रॅम्से यांच्या हाताखालीं इप्सविचनें १९६१ सालीं दुसरा वर्ग जिंकला. पहिल्या वर्गांत तो पूर्वीं कधींच खेळला नव्हता. तरी १९६२ सालीं, पहिल्याच प्रयत्नांत, तो तेथील अजिंक्य ठरला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ सालीं तिसरा येऊन, चौथ्या संघापेक्षां अवघा एक गुण अधिक मिळवून वर चढला. तिसऱ्या संघासही बढती देण्याचा नियम तेव्हां जेमतेम तीन वर्षांचा होता. तो संघ १९७८ सालीं इंग्लंडांत पहिला आला आणि १९७९ व १९८० अशीं दोन वर्षें त्यानें युरोपचा चषक जिंकला. उलटपक्षीं नॉर्दॅम्प्टन १९६१ पासून तीन बढत्या मिळवीत चौथ्या वर्गांतून १९६५ सालीं पहिल्यांत पोंचला, आणि १९६९ पर्यंत तितक्याच झपाट्यानें चौथ्यांत परतला. दोघांस वर घेणारें दार एकच; नशीब मात्र निरनिराळें.

१९८७ सालीं बढतीसाठीं बाद सामने पुन्हां सुरू झाले. १८९८ सालीं पुरलेली कसोटी नवा वेष घेऊन परत आली. त्याहून मोठा फरक पैशानें केला. १९९२ सालीं पहिला वर्ग लीगपासून वेगळा होऊन प्रीमियर लीग झाला. तेथून खालीं पडणाऱ्यांस पडण्याचा धक्का सोसावा म्हणून कांहीं वर्षें मोठी रक्कम मिळते. तिला तिकडे हवाई छत्रीचें नांव आहे. छत्रीचा हेतु माणसानें हळू जमिनीवर यावें हा. येथें ती पुन्हां वर उडण्याच्या कामीं येते. २०२४ सालीं वर चढलेल्या तिघांपैकीं लेस्टर आणि साउदॅम्प्टन हे दोघे वर्षापूर्वींच खालीं आलेले होते. वर चढलेले तिन्ही संघ वर्षाअखेर परत खालीं आले, असें २०२४ व २०२५ या लागोपाठ दोन सालीं घडलें. ज्योतिष्यांचें काम आतां सोपें झालें. गेल्या वर्षीं कोण पडला एवढें पाहिलें कीं निम्मी कुंडली मांडून होते.

पण उरलेली निम्मी अजून कोरी आहे. २०२४ सालीं चढलेला तिसरा संघ इप्सविच; तो आदल्याच वर्षीं तिसऱ्या पायरीवरून आला होता आणि छत्रीचा पैसा त्याच्यापाशीं नव्हता. ल्यूटनचा संघ २०१४ सालीं लीगच्या बाहेर होता. २०२३ सालीं तो सर्वांत वरच्या पायरीवर होता. तेथें पाहुण्या प्रेक्षकांस राहत्या घरांच्या रांगेखालून मैदानांत शिरावें लागे. त्याच वाटेनें देशांतील सर्वांत श्रीमंत संघांचे चाहते एक वर्षभर गेले. तोच ल्यूटन २०२५ सालीं, छत्री हातांत असतांनाही, तिसऱ्या पायरीवर उतरला.

भाकीत चुकणें हा या खेळाचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो त्याच्या आरोग्याचा पुरावा आहे. ज्या समाजांत कोण वर जाणार हें आधींच बिनचूक सांगतां येतें, तेथें दार बंद झालेलें असतें आणि पहारेकऱ्यानें नांवांची यादी खिशांत ठेवलेली असते. ती यादी १९१९ सालीं मतांनीं लिहिली गेली, हल्लीं ती पैशानें लिहिली जात आहे. तिच्यांत नसलेलें एखादें नांव अधूनमधून वर चढत आहे, तोंपर्यंत लहान गांवच्या मुलानें ऑगस्ट महिन्यांत आपल्या संघाचें नांव मोठ्या आशेनें घ्यावें; जाणत्यांनीं त्यास हंसूं नये.