तीन चमत्कार घडले तर

लंडन, 1972 चा सप्टेंबर. वॉटर्लू स्टेशनाजवळच्या शेल सेंटरमध्ये तुम्ही शेल तेल कंपनीच्या रिफायनरी विभागाचे अधिकारी आहात. नव्या रिफायनरीचा आराखडा सहीसाठी पडलाय. त्यातली गृहीतकं दोन: मागणी वाढत राहणार, कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरच्या आत मिळत राहणार.

पिएर वाक यांच्या खोलीत उदबत्ती जळतेय. फ्रेंच गृहस्थ, शेलमध्ये भविष्यातल्या शक्यता मांडणारे, भारतात गुरूकडे राहून आलेले. "भाव कधी भडकेल?" तुम्ही विचारता. तारीख आज वाचणाऱ्या तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. ते उलट विचारतात, "तुमचा आराखडा खरा ठरायला काय काय घडावं लागेल?"

मग तेच मोजतात. 1985 पर्यंत अशक्य वेगानं नवं तेल सापडावं लागेल. सौदी, कुवेत यांनी आपल्याला हवं तितकं तेल आनंदानं उपसावं लागेल. त्यांची लोकसंख्या तुटपुंजी, एवढा पैसा खर्चायचा कुठे? बँकेतला पैसा महागाई खाते, जमिनीतलं तेल मात्र महाग होत जातं. आणि जादा उत्पादनक्षमता संपत आलेली असताना ना युद्ध व्हावं, ना अपघात.

"हे तीन चमत्कार तुम्ही धरून चाललात."

ते गंगेचं उदाहरण देतात. वर हिमालयात धो धो पाऊस झाला की अलाहाबादला पूर येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. युद्धाचा दिवस वाकना माहीत नाही. पाणी निघालंय, एवढं माहीत आहे.

आजच्या अनेक कंपन्यांत भविष्याचे चांगला, वाईट आणि मधला असे तीन तक्ते होतात, मधला उचलून सगळे जेवायला जातात. वाकना ते अजिबात चाललं नसतं.

वाक हीच मांडणी बैठकीत करतात, तेव्हा सगळे माना डोलावतात. जागेवर परतल्यावर बरेच जण जुन्याच फायलींवर सह्या करतात. तुमचंही पेन क्षणभर तिकडे वळतं. शेवटी आराखडा परत पाठवता: विस्तार हळू, यंत्रणा मात्र निरनिराळ्या प्रतीचं कच्चं तेल पचवणारी.

6 ऑक्टोबर 1973 ला अरब-इस्रायल युद्ध पेटतं. दहा दिवसांत आखाती देश कच्च्या तेलाचा जाहीर दर पिंपाला 5.11 डॉलरवर नेतात. 1 जानेवारीपासून 11.65. सहकारी वाकचं भाकीत खरं ठरलं म्हणून कौतुक करतात. तुम्ही सुधारित आराखडा काढता आणि त्यातल्या मागणीवाढीच्या रकान्यावर काट मारता.