पढतमूर्खाची कसोटी

सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण १६०८ साली ज्या जांबेत जन्मला, ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. नारायणाचे समर्थ रामदास कसे झाले, ती कहाणी मराठी घरांत पाठ आहे. समर्थांनी दिलेली एक कसोटी मात्र आपण निम्मीच वापरतो. दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपतो. साध्या मूर्खाची यादी लोकांना फार आवडते, कारण तीत शेजारीपाजारी आणि भाऊबंद हमखास सापडतात. पढतमूर्ख मात्र बहुश्रुत असतो, ब्रह्मज्ञान प्रांजळपणे सांगतो. दुसऱ्याला ज्या दोषासाठी तो बोल लावतो तोच दोष आपल्यापाशी आहे, हे त्याला उमगत नाही. म्हणजे यादी हातात घेऊन जो गावभर मूर्ख शोधत फिरेल, तो दशक संपायच्या आत स्वतःच यादीत जाऊन बसतो. ही मांडणी सहज घडली असेल, असे मला वाटत नाही.

या कसोटीवर सर्वांत आधी समर्थांच्या संप्रदायालाच पाहायला हवे. भिक्षेबाबत चौदाव्या दशकाचे सांगणे स्पष्ट आहे: कुणी पुष्कळ आणले तरी घ्यायचे थोडेच, निःस्पृहाची खूण तीच. पण १६७८ साली शिवाजीमहाराजांकडून संप्रदायाच्या चाफळच्या देवस्थानाला इनामाची सनद मिळाली, आणि १६८२ साली समर्थ गेल्यावर दिवाकर गोसावी व उद्धव गोसावी या त्यांच्या शिष्यांत कारभारावरून तंटा उभा राहिला. संभाजीमहाराजांना त्यात लक्ष घालावे लागले. पुढे समर्थांच्या थोरल्या भावाचे नातू गंगाधरस्वामी कारभार पाहू लागले आणि अधिकार घराण्यात स्थिरावला. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेल्या माणसाची गादी अखेर त्याच्याच भावाच्या वंशात आली. यावर कुणी म्हणेल, उत्सव, अन्नदान, मंदिराची डागडुजी हे सगळे झोळीवर कसे चालायचे? आणि वारसाहक्क ही तर त्या काळची सर्वमान्य रीत होती. दोन्ही खरे आहे. पण संप्रदायाने आपली ओळख काळाच्या रीतीवर सांगितली नव्हती, निःस्पृहतेवर सांगितली होती. तेव्हा माप तेच लागणार.

मग खुद्द समर्थांना हे माप लावावे का? अनेकांना हे औद्धत्य वाटते. सतराव्या शतकाला आजचा न्याय लावू नका, असे ते बजावतात. हा आक्षेप एरवी योग्यच असतो, पण इथे आजचा न्याय मुळी लागतच नाही. सर्वांच्या ठायी एकच अंतरात्मा नांदतो, हे दासबोध पुन्हापुन्हा सांगतो. आणि युगधर्माचा समास ब्राह्मणांचे गुरुत्व इतर जातींकडे गेले म्हणून हळहळतो. दोन्ही एकाच पोथीत आहे. जोतीराव फुल्यांनी समर्थांवर कठोर टीका केली. ती मान्य नसणाऱ्यालाही या विसंगतीचे उत्तर द्यावेच लागते. उलट, बालविधवा वेणाबाईंना त्याच समर्थांनी कीर्तनाचा अधिकार दिला, मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपवला. रूढी मोडण्याचे बळ त्यांच्यात होते, हे यावरून दिसते. म्हणूनच ते बळ जातीपाशी येऊन का थांबले, हा प्रश्न अधिक बोचतो. वेणाबाईंचे नाव पुढे करून तो मिटवता येत नाही.

मूर्खलक्षणांत एक बारीक नोंद आहे. पुस्तक स्वतः वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, नुसते बांधून ठेवतो, तो मूर्ख; अक्षरे गाळून वाचणारा आणि पदरची घालणाराही मूर्ख. याच्या नेमके उलट, धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातली, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची प्रत मिळवली आणि १९०५ साली तिच्यावरून दासबोध छापला. देव समर्थांचे निस्सीम भक्त होते. गैरसोयीचा युगधर्माचा समासही त्या दासबोधात आहेच. समर्थांना त्यांच्याच शब्दांत जाब विचारणाऱ्या टीकाकाराला लागणारा पुरावा असा एका भक्ताच्या हातून छापला गेला.