स्थलनाम : अर्थाचा लोप आणि अर्थाची मालकी

आयर्लंडमधील ग्रामीण स्थलनामांची चर्चा ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्स्लेशन्स' (1980) या नाटकाने भाषिक वसाहतवादाच्या चौकटीत आणली. 1833 च्या डोनेगलमध्ये घडणाऱ्या या नाटकात भूमापन हे नावांच्या, पर्यायाने स्मृतीच्या, उच्छेदाचे रूप घेते. हे रूपक प्रभावी आहे; परंतु त्यालाच इतिहास मानणे कितपत युक्त ठरेल?

1824 मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने आरंभिलेल्या मापनात 60,000 हून अधिक 'टाउनलँड'ची, म्हणजे तेथील सर्वांत लहान भूविभागांची, नावे निश्चित करावयाची होती. 1830 मध्ये या कामावर आलेले आयरिश पंडित जॉन ओ'डोनोव्हन जुन्या दस्तऐवजांतील रूपे ताडून पाहत, स्थानिक आयरिश भाषकांचे उच्चार ऐकत, मूळ रूप ठरवीत आणि मगच इंग्रजी लेखन सुचवीत. म्हणजे ज्या प्रकल्पाने नावे इंग्रजी लिपिसंकेतांत कोंडली, त्यानेच त्यांच्या अर्थाची साधनेही जतन केली.

तथापि हानी झालीच. आयरिशमध्ये चर्च आणि वन यांचे वाचक शब्द भिन्न आहेत. इंग्रजी लेखनात पुष्कळदा दोहोंचेही 'किल' झाले. 'किल्डेअर' म्हणजे ओक वृक्षाचे चर्च. 'किलमोर' मात्र कोठे मोठे चर्च, तर कोठे मोठे वन. आयरिश बोलणाऱ्यास हा भेद श्रवणानेच कळे. 1845 नंतरच्या महादुष्काळाने हा भाषकसमाज वेगाने आटला आणि अर्थनिर्णय गावाकडून अभिलेखागाराकडे गेला. अर्थ नष्ट झाला नाही. तो लोकांच्या हातून निसटला.

मग मूळ रूपाची पुनःस्थापना हे उत्तर आहे काय? 2004 च्या शासकीय आदेशाने आयरिशभाषक प्रदेशातील 'डिंगल' या नगराचे अधिकृत नाव केवळ आयरिश ठरविले. रहिवाशांनी विरोध केला, 2006 मध्ये द्वैभाषिक नावाच्या बाजूने कौल दिला आणि 2011 मध्ये कायद्याने 'डिंगल' परत आणले. येथे आक्षेप आयरिशला नव्हता, नाव वरून ठरविण्याला होता.

मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात स्थलनामांची उपपत्ती सांगणाऱ्या कथांचा स्वतंत्र प्रकार होता. त्यांतील व्युत्पत्ती बहुधा कल्पित. तरीही त्या कथांनी भूमी अर्थपूर्ण केली. स्थलनामाच्या अभ्यासकाने म्हणूनच नावाचा मूळ अर्थ कोणता एवढ्यावर न थांबता, तो ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हेही विचारावयास हवे.