बोटीवरचं मेहूण

खूप दिवसांनी लिहितोय. ताई दर फोनला विचारते, "लिहिलंस का रे बोटीच्या सफरीचं?" आणि मी दर वेळी "फोटो निवडायचेत अजून" म्हणून वेळ मारून नेतो. खरं कारण वेगळं आहे. लिहायला बसलो की किल्ले, चर्चं आणि द्राक्षमळ्यांच्या आधी मला त्या बोटीवरचं जेवणघर आठवतं. त्यातही तिथल्या खुर्च्या. म्हणून आज त्यांच्याबद्दलच. किल्ले पुन्हा कधीतरी.

तर झालं असं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आईला घेऊन कुठेतरी जाऊन यावं असं चाललं होतं, पण तिला फार चालवत नाही. सामान एकदाच उघडायचं आणि गावंच आपल्या दाराशी येणार, अशी नदीवरची बोट बरी, असं बायकोने सुचवलं. न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट. आम्ही दोघं एका खोलीत, आई शेजारच्या खोलीत एकटी. एकटीच्या खोलीचे पैसे जवळजवळ दोघांइतके. या धंद्यात ही रीतच आहे, खोलीत दोघं राहणार हे धरूनच माणशी भाव ठरतो. आईला मी हा आकडा सांगितला नाही.

पहिल्या संध्याकाळी जेवायला गेलो. नदीवरच्या बोटीत जागा ठरलेल्या नसतात. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांत पूर्वी टेबल नंबर आणि वेळ नेमून द्यायचे, पंगती दोन व्हायच्या. इथे सगळे एकदम जेवतात आणि ज्याने त्याने हवं तिथे बसावं. 'हवं तिथे' म्हणायचं आपलं. दार उघडलं आणि पाच मिनिटांत खिडकीकडची दोघादोघांची टेबलं भरून गेली. होतीच ती मोजकी. बाकी चार, सहा आणि आठ जणांची. आम्ही तिघं चौघांच्या टेबलाशी बसलो. वेटर आला, हसला आणि चौथी बशी, पेला, काटे-चमचे उचलून घेऊन गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या मोकळ्या खुर्चीवर आईने आपली पर्स ठेवली आणि सूप प्यायला लागली.

ती पर्स काही माझ्या डोक्यातून गेली नाही. घरी परतल्यावर वाचत सुटलो. बोटीवर जोडप्यांनी कुठे बसायचं आणि एकट्यांनी कुठे, हे कधीपासून आणि कशावरून ठरत आलंय?

आधी आजच्या बोटींचं सांगतो, कारण त्यांचं उत्तर सोपं आहे. ते पाण्यात आहे. माईन नदी र्‍हाईनला मिळते आणि र्‍हाईन उत्तर समुद्राला. डॅन्यूब जाते काळ्या समुद्राकडे. या दोन खोऱ्यांना जोडायची धडपड शार्लमेन राजाने सन ७९३ मध्ये करून पाहिली होती, म्हणजे गोष्ट किती जुनी बघा. १८४६ मध्ये बव्हेरियाच्या लुडविग राजाचा कालवा झाला, पण तो लहान पडला. आजचा १७१ किलोमीटरचा मोठा कालवा पुरा झाला १९९२ साली. बोट डोंगर चढून उतरते ती लॉकमधून, म्हणजे पाण्याच्या जिन्यावरून. अशी १६ लॉक्स आहेत, आणि प्रत्येकाची रुंदी १२ मीटर. बोटीला सगळीकडे जाता यायचं तर तिची रुंदी साडेअकरा मीटरच्या आतच ठेवावी लागते. लांबी फार तर १३५ मीटर. उंचीवर पुलांचा पहारा. अशा पट्टीसारख्या बोटीत दीड-पावणेदोनशे माणसं एका वेळी जेवायला बसवायची! सगळ्यांना दोघादोघांची टेबलं द्यायची म्हटली तर नव्वदेक टेबलं आणि त्यांच्यामधल्या वाटा मावणार कुठे? म्हणून सहा आणि आठ. जोडप्यांनी अनोळखी जोडप्यांबरोबर जेवायचं, हा नियम कुणा समाजशास्त्रज्ञाने केलेला नाही, तो लॉकच्या भिंतींनी केलाय.

(आणि एक गंमत. न्यूरेंबर्गच्या पुढची तीन लॉक्स जवळजवळ पंचवीस-पंचवीस मीटर उंच आहेत. बोट त्यात शिरली की खिडकीबाहेर दिसते ती फक्त ओली काँक्रीटची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. धावत जाऊन खिडकीचं टेबल पकडलेल्या जोडप्यांनी मेणबत्तीच्या उजेडात ती भिंत पाहत अख्खं जेवण केलं. आई तेव्हा पहिल्यांदा हसली. :) )

पण मला हवं होतं ते याच्याही मागचं. बोटीवरच्या जेवणाची बारीकसारीक वर्णनं पुष्कळ सापडतात ती अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि ओहायो नद्यांवरच्या आगबोटींची. तिथे एक लांबलचक दिवाणखाना असे, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं, आणि जेवणाची वेळ झाली की मधोमध लांब टेबल मांडत. दोघांचं टेबल ही कल्पनाच नाही. पण सगळे सारखे होते असंही नाही. बोटीचा मागचा भाग बायकांचा, पुढचा पुरुषांचा. मागचा का, तर बॉयलर पुढे असायचे, आणि त्या काळी बॉयलर फुटणं ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. जेवायच्या वेळी बायका टेबलाच्या आपल्या टोकाला येऊन बसेपर्यंत पुरुषांनी खुर्चीमागे उभं राहायचं. ज्याच्याबरोबर बायको, बहीण किंवा आई असेल तो त्या चांगल्या टोकाला तिच्याशेजारी. एकटा आलेला पुरुष खालच्या टोकाला, जिथे बशी पोचेपर्यंत तिच्यात काय उरलंय ते नशीब. म्हणजे लग्न झालेलं असणं हे तिथे तिकिटासारखं होतं.

फ्रान्सेस ट्रोलोप नावाची इंग्रज बाई १८२८ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सहून 'बेल्विडियर' नावाच्या आगबोटीने वर गेली. नवरा इंग्लंडात, ही मुलांना घेऊन. १८३२ साली तिचं पुस्तक निघालं आणि अमेरिकनांना ते भलतंच झोंबलं. टेबलावरचे सगळे पुरुष जनरल, कर्नल नाहीतर मेजर, सगळे भराभरा खाणारे, सुरी तोंडात घालणारे आणि एक शब्दही न बोलणारे, असं तिने लिहून ठेवलंय. जेवणाच्या वेळा सोडल्या तर बायका आणि पुरुष वेगवेगळे. एकत्र यायची जागा एकच, टेबल, आणि तिथेही गप्प!

१८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स बायकोबरोबर पिट्सबर्गहून सिनसिनाटीला 'मेसेंजर' नावाच्या बोटीने गेला. त्याला खोली मिळाली मागच्या बाजूला, बायकांच्या दालनाला लागून. जमेल तितकं मागे राहा, बोटी फुटतात त्या पुढून, असा सल्ला त्याला आधीच मिळाला होता. जेवणं त्यालाही सुतकात बसल्यासारखी वाटली. पण त्याच टेबलावर त्याला एक नवं जोडपं दिसलं. लग्न होऊन महिना झालेला. नवरा चार वर्षं दूर पश्चिमेत राहिलेला, तिने तो मुलूख कधी पाहिलेलाही नाही, आणि आता कायमची तिकडे निघाली आहे. काही दिवसांपूर्वी त्यांची घोडागाडी उलटली होती. त्याच्या डोक्याला अजून पट्टी, ती तर काही दिवस बेशुद्ध होती. दोघं शेजारीशेजारी बसून जेवताहेत.

पुढे सेंट लुईसच्या बोटीवर त्याला एक लहानखुरी बाई भेटली, कडेवर तान्हं बाळ. लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांत आजारी आईकडे न्यूयॉर्कला गेलेली, वर्षभराने नवऱ्याकडे परत निघालेली. नवऱ्याने बाळ पाहिलेलंच नाही. अख्ख्या बोटीला हे माहीत झालं होतं. कप्तान दर जेवणाला टेबलावर साळसूदपणे विचारायचा, सेंट लुईसला तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का हो? गप्प बसून जेवणाऱ्या त्या लोकांत एवढी एक थट्टा चालू असायची. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. नवरा शेजारी नसलेल्या बाईला एक अख्खं टेबल सोबत करत होतं.

(डिकन्सच्या त्या पुस्तकात त्याची स्वतःची बायको, कॅथरीन, मात्र फारशी दिसत नाही. १८५८ मध्ये दोघं वेगळे झाले.)

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. त्याच बोटींच्या खालच्या डेकवर, मालाच्या गठ्ठ्यांमध्ये, स्वस्त तिकिटाचे लोक आपापली शिदोरी खात. आणि मिसिसिपीवरच्या कितीतरी बोटींतून गुलामांनाही दक्षिणेकडे विकायला नेत. त्यांचं लग्न त्या राज्यांचे कायदे मानतच नव्हते, त्यामुळे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकली जाई. वर "आधी बायका बसू देत" म्हणून टोप्या काढून उभे राहणारे सभ्य गृहस्थ, आणि त्यांच्या पायाखालच्या फळ्यांखाली हे.

नाईल नदीवर प्रकार निराळा. तिथे श्रीमंत प्रवासी दहाबिया नावाची शिडाची बोट महिनोन्महिने भाड्याने घेत. १८७३-७४ च्या हिवाळ्यात अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका अशा एका बोटीतून गेली. बोटीचं नाव 'फिली'. स्वतः अविवाहित, बरोबर एक मैत्रीण. खर्च वाटून घ्यायला एक चित्रकार आणि एक नुकतं लग्न झालेलं जोडपं. १८७७ साली आलेल्या तिच्या पुस्तकात या जोडप्याला नावच नाही, 'सुखी जोडपं' एवढंच. मधुचंद्राला निघायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकाच टेबलावर त्याच माणसांसमोर बसायचं, आठवड्यांमागून आठवडे! काय एकांत मिळाला असेल बिचाऱ्यांना. अगाथा ख्रिस्तीने १९३३ मध्ये नवऱ्याबरोबर नाईलची सफर केली, आणि १९३७ च्या 'डेथ ऑन द नाईल'मध्ये एका नव्या जोडप्याला अशाच बोटीवर बसवलं. पुढे काय होतं ते ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही.

हे सगळं वाचता वाचता मला एकदम आपल्याकडचा शब्द आठवला. मेहूण.

लहानपणी आमच्याकडे कुळधर्माला मेहूण जेवायला सांगायचे. शेजारीशेजारी दोन पाट, भोवती रांगोळी, दोन ताटं, आणि त्यावर नवरा-बायको जोडीने. एरवी पंगत पुरुषांची आणि पोरांची आधी, बायका वाढणार आणि शेवटी उरल्यासुरल्यात बसणार. आई-बाबा आमच्या घरात एकमेकांशेजारी बसून जेवल्याचं मला तरी आठवत नाही. शेजारी बसायला त्यांना दुसऱ्याच्या घरी मेहूण म्हणून जावं लागायचं! आणि आमची आत्या, फार लवकर नवरा गेलेली, तिला कुणी सवाष्ण म्हणून बोलवायचं नाही आणि मेहूण म्हणून तर प्रश्नच नाही. ती पुरण वाटायला असायची. सकाळपासून. तिला पाट कुठे मांडला जायचा हे मी कधी पाहिलंच नाही, इतकी ती शेवटी जेवायची.

ओहायोवरची आगबोट आणि आमचं घर, दोन्हीकडे जागा मिळायची ती जोडीला. आम्ही ज्या बोटीने गेलो तिथेही खोलीचा भाव जोडीचाच होता. पण जेवणघर अरुंद होतं, आणि तेच बरं झालं.

कारण दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा चौघांच्या टेबलाकडे वळलो तशी आई थांबली. म्हणाली, "तिकडे बसूया का? तिथे माणसं आहेत." आठ जणांच्या टेबलावर दोन म्हातारी जोडपी होती आणि एक एकटी बाई, आईच्याच वयाची. आई सरळ जाऊन त्या बाईशेजारी बसली. आईचं इंग्रजी म्हणजे 'येस', 'नो' आणि 'व्हेज'. त्या बाईला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. पण नातवंडांचे फोटो निघाले, गुडघे कुठे दुखतात ते दाखवून झालं. तिसऱ्या दिवशी त्या बाईने आईसाठी खुर्ची धरून ठेवली होती, आपली पर्स ठेवून.

खिडकीजवळची ती दोघांची टेबलं, खरं सांगतो, मलाही हवी होती. पुढे कधी आम्ही दोघंच गेलो तर मीही धावेन. पण बोट आणखी दोन-चार मीटर रुंद असती आणि सगळी टेबलं दोघादोघांची असती, तर आई त्या आठवड्यात कुठे बसली असती?

असो. ताई, दादा, काकू, तुमच्यापैकी कुणाला आठवतंय का, आई-बाबा घरी कधी शेजारीशेजारी बसून जेवल्याचं? आणि आत्याचा पाट कुठे असायचा? आठवत असेल तर नक्की सांगा. आईला विचारलं तर ती म्हणते, "काय करायचंय तुला आता."