आचेचा शांतता करार: तीस वर्षांचा संघर्ष थांबला कसा?

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे हा प्रांत आहे. पूर्वी हजला जाणारी जहाजे इथून सुटायची, म्हणून त्याला ‘मक्केची ओसरी’ म्हणतात. याच आचेमध्ये १९७६ ते २००५ या काळात सुमारे १५ हजार जीव गेले. लढणारे दोन्ही बाजूंनी बहुतेक मुसलमानच होते. मग भांडण कशाचे होते?

संघर्षाची कारणे

आचेला स्वतःच्या जुन्या सल्तनतीचा अभिमान आहे. १९७०च्या दशकात तिथे नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले. पैसा मात्र जकार्ताला जायचा आणि गावे गरीबच राहायची. ४ डिसेंबर १९७६ रोजी हसन दी तिरो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि ‘गाम’ म्हणजेच ‘आचे मुक्ती चळवळ’ उभी राहिली. १९८९ ते १९९८ या काळात लष्कराने कठोर मोहीम चालवली. छळ झाला, माणसे बेपत्ता झाली. त्यामुळे बंड विझले तर नाहीच, उलट पुढच्या पिढीत आणखी पसरले.

डिसेंबर २००२ मध्ये युद्धबंदी झाली, पण ती काही महिनेच टिकली. आचेचा राजकीय दर्जा काय असेल, हा मूळ प्रश्न तिने सोडवलाच नव्हता.

त्सुनामी आणि हेलसिंकी

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आचेमध्ये दीड लाखाहून अधिक लोक गेले. पुढच्याच महिन्यात हेलसिंकीत बोलणी सुरू झाली. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. सगळ्याच मुद्द्यांवर एकमत झाल्याशिवाय कुठलाही मुद्दा पक्का धरायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

शांतता त्सुनामीनेच आणली, असे अनेकजण म्हणतात. पण तीच लाट श्रीलंकेवरही आदळली होती. तिथले युद्ध मात्र २००९ पर्यंत चालले. म्हणजे संकटाने संधी दिली, करार माणसांनीच केला.

कोणी काय सोडले?

१५ ऑगस्ट २००५ रोजी सह्या झाल्या. ‘गाम’ने स्वातंत्र्याची मागणी सोडली. सरकारने स्वशासन दिले, नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा मान्य केला आणि राजकीय कैद्यांना माफी दिली. इंडोनेशियात प्रादेशिक पक्षांना परवानगी नसते, ती आचेला मिळाली.

करार नुसता कागदावर राहिला नाही. ‘गाम’ने ८४० शस्त्रे जमा केली, ती सर्वांसमोर नष्ट झाली. त्याच टप्प्यांत बाहेरून आणलेले सैन्य आणि पोलीसही माघारी गेले. युरोपीय संघ आणि पाच आसियान देशांचे निरीक्षक हे सगळे तपासत होते. कोणाला डोळे झाकून विश्वास ठेवावा लागला नाही.

डिसेंबर २००६ च्या निवडणुकीत इरवांदी युसुफ गव्हर्नर झाले. ते ‘गाम’चे नेते. त्सुनामी आली तेव्हा ते तुरुंगात होते आणि तुरुंग पाण्याखाली गेल्यावर कसेबसे वाचले. दोन वर्षांत बंदुकीची जागा मतपेटीने घेतली.

राहिलेले काम

करारात मानवाधिकार न्यायालय आणि सत्यशोधन आयोगाचे वचन होते. आयोग नेमायला २०१६ उजाडले. न्यायालयाचे वचन तर तसेच राहिले. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी आचेमधील गंभीर अत्याचार झाल्याचे मान्य केले. पण ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिला नुसती कबुली कशी पुरेल?

आचेमध्ये पुन्हा युद्ध पेटलेले नाही, ही मोठीच गोष्ट आहे. दोघांनीही आपला सर्वांत मोठा हट्ट सोडला आणि दिलेला शब्द तिसऱ्याला तपासू दिला, म्हणून हे जमले. बंदुका चार महिन्यांत जमा झाल्या, इन्साफ मात्र अजून बाकी आहे. सुलह पक्की व्हायची तर तोही व्हायला हवा.